चाळीस सेकंदांचे सांत्वन

मास्तरांच्या आयुष्यातल्या शेवटच्या साध्या दिवशी महासंघाचे एक परिपत्रक आले. त्यात म्हटले होते की, मुष्टियुद्ध, कुस्ती व ज्युदो या खेळांच्या सर्किट प्रशिक्षणात दोन स्टेशनांमधली वीस सेकंदांची विश्रांती ही निष्क्रिय बाब असल्याचे निदर्शनास आले असून ती यापुढे निम्म्यावर आणण्यात यावी. मास्तरांनी परिपत्रक वाचले, त्याची चौपदरी घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखाली सारली. बाक स्थिर झाला. महासंघाच्या परिपत्रकाचा इतका तातडीने उपयोग झाल्याचे दुसरे उदाहरण उपलब्ध नाही.

त्या बाकावर मास्तरांची मुलगी बसली होती. ती एका प्रकाशनसंस्थेत मुद्रिते तपासायची. कामावरून सुटली की रोज संध्याकाळी सरावाच्या हॉलमध्ये यायची आणि उरलेली मुद्रिते मांडीवर घेऊन बसायची. हॉल म्हणजे पूर्वीचे गोदाम. वर पत्रा, खाली रबराची मॅट, आणि मधल्या सगळ्या जागेत घामाचा आणि जुन्या ग्लोव्हजचा वास. भिंतीकडेने स्टेशने मांडलेली. एका ठिकाणी दोरीउड्या, दुसऱ्या ठिकाणी वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन बैठका, तिसऱ्या ठिकाणी जाड दोर जमिनीवर आपटायचा, चौथ्या ठिकाणी जड चेंडू भिंतीवर फेकायचा, आणि असेच पुढे. चाळीस सेकंद काम, वीस सेकंद आराम, शिट्टी वाजली की पुढचे स्टेशन. मास्तरांचे म्हणणे असे की, चाळीस सेकंद कोणीही राबेल. वीस सेकंदांत श्वास जागेवर आणतो तो खरा लढणारा.

“कपाट, खांदे खाली!” मास्तर ओरडले. कपाट हे एका मुष्टियोद्ध्याचे टोपणनाव. दारातून आत येताना त्याला तिरके व्हावे लागे. “मार खायचा तर रिंगमध्ये खा. पिशवीचा काय खातोस?”

“मास्तर, दम लागलाय.”

“मग? लागावा म्हणूनच आणलंय तुला इथे.”

मुलगी हसली, आणि मुद्रितावर खूण करता करता म्हणाली, “बाबा, एक सांगायचं होतं.”

“हा फेरा होऊ दे.”

फेरा झाला तेव्हा महासंघाचे चिटणीस दारात उभे होते. चिटणीस मनगटावर दोन घड्याळे बांधत. एक वेळ बघायला आणि दुसरे पहिल्याची खातरजमा करायला.

“मास्तर, परिपत्रक मिळालं ना?”

“मिळालं. फार आधार वाटतो त्याचा,” मास्तर बाकाकडे बघत म्हणाले.

चिटणिसांनी समाधानाने मान डोलावली आणि वार्षिक अहवालाचा विषय काढला. तो बराच वेळ चालला. हॉलला कुलूप लावताना मास्तरांनी विचारले, “काय गं, काय सांगणार होतीस?”

“काही नाही. उद्या सांगते. चला, आई खोळंबली असेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बुटाची नाडी बांधायला वाकले आणि सरळ झालेच नाहीत. डॉक्टरांनी हृदय थांबल्याचे सांगितले. आईला आधी ते पटेना. सगळ्या जगाला धावायला लावणाऱ्या माणसाचे हृदय बसल्या जागी थांबते, हे तिला नियमाला धरून वाटले नाही.

मग माणसे येऊ लागली. शिष्य आले, शिष्यांचे शिष्य आले, एकेकाळी मास्तरांकडून हरलेले आणि मास्तरांमुळे जिंकलेले आले, शेजारी आले. आपणही आलो होतो. घर दोन खोल्यांचे, खुर्च्या मोजक्या. कोणी येऊन दोन दोन तास बसे, कोणी दारातूनच हात जोडून परत जाई. एक निवृत्त पंच तर गप्पांत असे रमले की, मास्तर अजून कसे आले नाहीत, असे त्यांनी आईलाच विचारले.

हे सर्व चिटणिसांनी कोपऱ्यात उभे राहून पाहिले आणि त्यांना वाईट वाटले. गैरव्यवस्था पाहून त्यांना नेहमीच वाईट वाटे.

“वहिनी,” ते म्हणाले, “हे दुःख अनियोजित आहे. मास्तरांना हे आवडलं नसतं.”

“मग काय करायचं म्हणता?”

“मास्तरांची पद्धत मास्तरांच्याच कामी आणायची. सर्किट.”

संध्याकाळपर्यंत मांडणी झाली. पहिले स्टेशन दार: पादत्राणे काढणे व चेहरा गंभीर करणे. दुसरे मास्तरांचा फोटो. तिसरे आई. चौथे मुलगी. पाचवे चहा व निर्गमन. प्रत्येकी चाळीस सेकंद. शिट्टीची जबाबदारी चिमटी नावाच्या ज्युदोपटूकडे देण्यात आली. ती चणीने लहान होती, पण तिने एकदा धरले की प्रतिस्पर्धी स्वतःहून हार मानत.

“आणि मधली विश्रांती?” मुलीने विचारले.

“शोकप्रसंगी विश्रांती घेणं बरं दिसत नाही, ताई,” चिटणीस हळुवारपणे म्हणाले.

पहिल्या दिवशी व्यवस्था अतिशय सुरळीत चालली, हे मान्य करायला हवे. कपाट तिरका होऊन आत आला, फोटोपुढे उभा राहिला, आईच्या पाया पडला आणि मुलीसमोर येताच त्याला रडू फुटले. एवढ्या मोठ्या देहातून रडे वर यायला वेळ लागतो. “ताई,” तो म्हणाला, “मास्तर म्हणजे...” शिट्टी वाजली. कपाट शिस्तीचा गडी. तो चहाकडे गेला, तिथून बाहेर पडून पुन्हा रांगेत लागला. पुढच्या फेऱ्यात म्हणाला, “म्हणजे माझे...” शिट्टी. त्याच्या पुढच्या फेऱ्यात “दुसरे वडील” एवढे निघाले, आणि सगळ्यात शेवटी “होते.” मुलीलाही त्याला काही सांगायचे होते, पण तिची पाळी त्याच्या वाक्यानंतर होती आणि वाक्य संपताच शिट्टी वाजून कपाट चौथ्या कप चहाकडे गेला.

आठवड्याभरात ही बातमी इतर क्लबांपर्यंत गेली. एका कुस्तीच्या प्रशिक्षकाने खेळाडूंच्या नाड्या तपासल्या, तेव्हा असे आढळले की, तिसऱ्या स्टेशनवर, म्हणजे आईसमोर, नाडी जेवढी चढते तेवढी दोर आपटूनही चढत नाही. स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. सकाळच्या वेळेला दोन क्लबांनी गट पाठवले. ज्यांनी मास्तरांना कधी पाहिलेही नव्हते असे तरुण ट्रॅकसूट घालून, जिन्यात जागच्या जागी धावत, आपल्या पाळीची वाट बघू लागले. त्यांना हुंदका नियमित येत असे. प्रशिक्षकांनी त्यांच्याकडून तो घोटून घेतला होता.

मग चिटणिसांनी भारवाढीचा मुद्दा मांडला. शरीराला एका भाराची सवय झाली की भार वाढवावा लागतो, हे शास्त्र आहे.

“वहिनी, एक विनंती होती. गेल्या आठवड्यात तुम्ही ‘गेले हो’ म्हणत होतात. ते परिणामकारक होतं. पण मुलांना आता सवय झाली. या आठवड्यात थोडी तपशिलांची भर घालता आली तर...”

“कसले तपशील?”

“शेवटचा शब्द, वगैरे. बुटाची नाडी. ती तर फारच चांगली आहे.”

आईने पदर सावरला. “मी काय डंबेल आहे का हो?”

“छे छे! भलतंच काय! आपण सन्माननीय साधन आहात.”

“मग या साधनाला जरा पाठ टेकू द्या. सकाळपासून बसलेय.”

चिटणिसांनी दोन्ही घड्याळे पाहिली. “मी तुमची भावना समजू शकतो. पण विश्रांतीची तरतूद खेळाडूंसाठी असते, वहिनी. साधनांसाठी नाही. आणि ती आम्ही खेळाडूंनाही देत नाही.”

त्याच बैठकीत चौथ्या स्टेशनचा आढावा घेण्यात आला. तो चांगला नव्हता. मुलगी रडत नव्हती. समोर आलेल्या माणसाकडे ती बघायची आणि “पाणी देऊ?” असे विचारायची. त्यामुळे तिसऱ्या स्टेशनवर तापलेले स्नायू चौथ्यावर थंड पडतात आणि पाचव्यावर चहा पिताना खेळाडू हसतात, अशा तक्रारी होत्या.

“तिचं कोरडंच आहे सगळं,” आत्या म्हणाली. आत्याची मुलगी नाटकात काम करायची. “पुस्तकं वाचून वाचून असं होतं माणसाचं. माझी मुलगी मोकळी आहे. लागेल तेव्हा बसेल.”

आत्याच्या मुलीने पहिल्याच फेऱ्यात दोन कुस्तीगीर आडवे केले. त्यांना खाली पाणी मारून शुद्धीवर आणावे लागले. चौथे स्टेशन तिच्या नावे करण्यात आले आणि मूळ मुलीला कार्यमुक्त करण्यात आले.

कार्यमुक्त मुलीला त्या दिवशी प्रथमच आपल्या घरात काही काम उरले नाही. तिने ठरवले की, आता फोटोपुढे बसावे आणि बाबांना जे सांगायचे राहिले ते सांगून टाकावे. एवढे एकच तिला हवे होते. ती दुसऱ्या स्टेशनकडे निघाली, तर चिमटीने हात आडवा केला.

“ताई, मधूनच घुसता येत नाही.”

“अगं, माझे बाबा आहेत ते.”

“आमचेही मास्तर होते, ताई.” चिमटीचे डोळे भरून आले, पण शिट्टी तिने तोंडातून काढली नाही. “सगळे रांगेतून जातात. चिटणीससाहेब म्हणतात, एकाला सवलत दिली की सर्किट मोडतं.”

“रांग कुठून सुरू होते?”

“खालून. फाटकापासून. तुमचा क्लब कुठला, ते आधी सांगावं लागेल.”

मुलीने क्लब सांगितला नाही. त्यामुळे तिला ‘नवशिके’ या गटात टाकण्यात आले. ती आपल्याच घराच्या जिन्यात एका पायरीवर उभी राहिली. तिच्या पुढे एक हौशी कराटेवाला होता.

“पहिल्यांदाच आलात?” त्याने आपुलकीने विचारले. “घाबरू नका. आई जरा जड जाते. मुलगी मात्र मस्त आहे. नवीन आणलीय.”

“आधीची?”

“तिच्यात काही दम नव्हता म्हणे.”

रांग एक एक पायरी वर सरकत होती. दाराशी तिने आपल्या चपला आपल्या दाराबाहेर काढल्या. शिट्टी वाजली आणि ती फोटोपुढे आली.

फोटो हॉलमधला होता. मास्तरांचे तोंड अर्धवट उघडे होते. कोणाला तरी खांदे खाली घ्यायला सांगत असावेत. तिने तोंड उघडले. मुद्रितांत दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका झटक्यात सापडतात; स्वतःचे वाक्य जुळायला वेळ लागतो. ते जुळेपर्यंत शिट्टी वाजली.

ती हलली नाही.

मागचा कुस्तीगीर येऊन तिच्यावर आदळला, त्याच्यावर त्याच्या मागचा, आणि जिन्यात खालपर्यंत सगळे जागच्या जागी धावू लागले.

“ताई, पुढे चला,” चिटणीस म्हणाले.

“मला थोडा वेळ लागेल.”

“तुम्हाला चाळीस सेकंद मिळाले होते. सर्वांना तेवढेच मिळतात. मास्तरांच्या लेकीनंच असं केलं तर लोकांनी काय बघावं?”

“मला सांगायचंय काहीतरी.”

“सांगा ना! पुढचा फेरा आहेच की. कपाटानं नाही का सांगितलं चार फेऱ्यांत?”

खालून एक प्रशिक्षक ओरडला की, पोरांच्या नाड्या उतरायला लागल्यात. चिटणिसांना निर्णय घेणे भाग होते. हॉलमध्ये एखादे साधन बिघडले तर काय करतात, याचा नियम होता. त्यांनी दोन केशरी शंकू मागवले, एक तिच्या उजवीकडे आणि एक डावीकडे ठेवला आणि सर्किट तिला वळसा घालून पुढे वळवले. या गडबडीत तिसऱ्या स्टेशनवर कोणीच पोहोचले नव्हते. आईने तेवढ्यात भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब केले.

चिमटीने शिट्टी फुंकली. एकेक जण शंकूंना धक्का न लावता बाजूने गेला. काहींनी जाता जाता ‘फार वाईट झालं’ असे फोटोकडे पाहून म्हटले. आपणही त्या गटात होतो आणि आपणही वळसा घालूनच गेलो. चहा निवत होता. त्यामुळे ती पुढे जे बोलली ते आपल्यापैकी कोणी ऐकले नाही.

“बाबा,” ती म्हणाली, “मला तुमचा हा खेळ कधीच आवडला नाही. ते आपटणं, तो वास, ती शिट्टी, काहीच नाही. मुद्रितं घरीही तपासता आली असती. तुम्ही सगळ्यांना सांगायचात, मुलीला आवड आहे म्हणून येते रोज. मला तुमची आवड होती. तेवढ्यासाठी यायचे.”