कोंडीबादादांच्या विहिरीवरचा आळ

आमच्या लेकीचं, भाग्यश्रीचं, पोट महिन्यात तिसऱ्यांदा बिघडलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "घरचं पाणी तपासून घ्या." मला हसूच आलं. पलूसजवळच्या आमच्या गावात आम्हा जैनांच्या घरी दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय पाणी हंड्यात पडत नाही. गाळलेल्या पाण्यात कसले जंतू? (जंतू कापडाला भीक घालत नाहीत, हे कारखान्याच्या ऑफिसात वीस वर्षं फायली चाळूनही मला ठाऊक नव्हतं.)

पण दोष द्यायला कुणीतरी हवंच. शेजारी कोंडीबादादा, पलटणीतून रिटायर झालेले. भागी त्यांच्या अंगणात खेळते, म्हणजे त्यांच्या विहिरीचंच पाणी पीत असणार! मी आरोग्य उपकेंद्रातून पाणी तपासणीच्या दोन बाटल्या आणल्या. सिस्टरनी बजावलं, "खुणेपर्यंत भरा, नावं लिहा, दोन दिवस ठेवा. काळी पडली की ते पाणी प्यायचं न्हाई." दादांच्या विहिरीचं पाणी तांब्यात आणून मी दोन्ही बाटल्या घरीच भरल्या. बाटलीवर पेन चालेना, म्हणून मी झाकणांवर लिहिलं, 'आम्ही' आणि 'दादा'.

दोन दिवसांनी 'दादा' शाईसारखे काळे!

मी शर्टाची बटणं लावत (एक चुकलंच) त्यांच्या दारात उभा.

"काय ओ दादा, तुमच्या हिरीत जंतू हायत! लेकराबाळांस्नी आजारी पाडताय व्हय?"

त्यांच्या बायकोनं, रंगूबाईंनी, दोन भरल्या घागरी मागच्या परड्यात ओतल्या. दादा एवढंच म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. लय उपकार."

मी छाती फुगवून घरी आलो. माझी बायको राजमती भाकरी थापत होती.

"पर भागी तितं पाणी पीतच न्हाई. आपली बाटली घिऊन जाती."

"मग पोट कशानं दुखतंय?"

"तेच इचारतीया. आवं, पाणी भरताना दोन्ही झाकणं काढून कुटं ठेवलीत?"

"ओट्यावर."

"मग कुठलं कुठल्या बाटलीला लावलं?"

मी झाकणं अदलाबदल करून बघितली, तर कुठलंही कुठल्याही बाटलीला बसत होतं.

तिनं नव्या बाटल्या आणल्या, स्वतः भरल्या, बाटल्यांच्याच अंगावर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. या वेळी 'आम्ही' काळे पडलो. तोंडासकट.

दादांचं दार दहा पावलांवर. मी गावाला वळसा घालून गेलो. माफी मागितली. वाटलं, आता बंदूकच काढतात.

"आरं गड्या, लेकीचं पोट म्हत्त्वाचं," ते म्हणाले. "टाकी कवा बघितलीस?"

छतावर टाकी बसवल्यापासून मी वर गेलो नव्हतो. (शिडीच्या तिसऱ्या पायरीवरच माझ्या तोंडी णमोकार मंत्र येतो.) बासष्ट वर्षांचा तो माणूस सरसर वर चढला.

"आगं राजमती, झाकाण फुटलंय! कबुतरांची आंघोळ चाललीया हितं!"

दिवसभर त्यांनी टाकी घासली. मी खाली डोळे मिटून शिडी धरली. नवं झाकण बसलं, सिस्टरनी सांगितलं तेवढी ब्लीचिंग पावडर पडली. आणि टाकीचं पाणी पुन्हा तपासून होईपर्यंत रंगूबाई रोज सकाळी आपल्या विहिरीच्या दोन घागरी आमच्या दारात आणून ठेवत. मी लाजून नको म्हटलं, तर म्हणाल्या, "घ्या की. जंतू न्हाईत त्यात. तुमीच तपासलंय."

ज्यांच्यावर आळ घेतला, त्यांच्याच घागरीतल्या पाण्यावर माझी लेक बरी झाली. भागी आता भाकरी मागून खाते, आणि ती मागते तेव्हा मी मनातल्या मनात शेजारच्या दाराला हात जोडतो.

आमची बाटली काळी पडली नाही, तेव्हा सिस्टर खूश झाल्या. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला फोटो हवा म्हणाल्या. दादा, रंगूबाई, राजमती, भागी सगळे ओळीत उभे राहिले. मीही केस सारखे करून मधोमध घुसलो.

"भाऊ, तुमी हिकडं या," सिस्टर आपला मोबाईल माझ्या हातात देत म्हणाल्या आणि माझ्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. "फोटो काढायला कुणीतरी लागंल न्हवं?"

फोटो छान आलाय. वरच्या कोपऱ्यात माझा अंगठाही आहे.