पाटाची पुढची तारीख

घड्याळजींनी चिठ्ठी लिहायला घेतली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, आणि ती संपली तेव्हा पावणेअकरा. मजकूर चार ओळींचा. पण जन्मभर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या या माणसाने पावतीवर 'चावी नवी, काच तीच' याच्यापलीकडे काही लिहिलंच नव्हतं. घरातलं लिहिणं, बोलणं, भांडणं सगळं बायकोकडे होतं. ती जाऊन आठ महिने झाले होते.

चिठ्ठी शेजारच्या मळ्यातल्या हेडबाईंना होती. शाळेतून निवृत्त होऊन बाई आपल्या थोरल्या भावासोबत तिथे राहत. पाण्याचा पाट वरून त्यांच्या मळ्यातून यायचा आणि एका लोखंडी दारातून खाली दोघांच्या हद्दीवरून घड्याळजींच्या जमिनीकडे उतरायचा. ते दार किती वेळ उघडं ठेवायचं, यावरून अकरा वर्षं कोर्टात दावा चालू होता. निकाल लागेपर्यंत कोणी कोणाच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, असा मनाईहुकूम होता. दार बंद ते बंदच.

घड्याळजींना आता जिंकायचं नव्हतं. पाटाकडेला बायकोने लावलेलं लिंबाचं झाड होतं. इतकी वर्षं हिरवंगार राहिलेलं ते झाड ती गेल्यापासून वाळत चाललं होतं. ते रोज दोन बादल्या ओतत, तरी सकाळी आणखी पानं खाली. म्हणून त्यांनी लिहिलं:

'आपलं दोघांचं वय झालं. कोर्टात जाऊन चपला झिजल्या. आता वकील नकोत. तुमची तयारी असेल तर आपला पाट एकदाचा लावून टाकू.'

'मार्गी लावून टाकू' असं त्यांच्या मनात होतं. 'मार्गी' तेवढा लिहायचा राहिला. आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात पाट लावणं म्हणजे दुसरेपणी लग्न करणं. हेडबाईंना वैधव्य येऊन वीस वर्षं झाली होती.

संध्याकाळी बाईंचे भाऊ आले. हे निवृत्त मोजणीदार. बहिणीच्या वतीने कोर्टात तेच जात. आज मनाईहुकूम विसरून ते थेट घड्याळजींच्या ओसरीवर येऊन बसले. अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

"चिठ्ठी वाचली," ते म्हणाले. "विचार पक्का आहे?"

"अकरा वर्षं डोक्यात घोळतंय."

मोजणीदार दचकले. "म्हणजे वहिनी असताना?"

"तिचाच आग्रह होता. म्हणायची, बाईंशी गोडीत घ्या."

मोजणीदारांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "थोर बाई."

"होतीच."

"पण या वयात निभेल का?"

"जुना आहे, मान्य. दोन ठिकाणी गळतोही. पण डागडुजी केली की अजून वीस वर्षं हलत नाही."

मोजणीदारांनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "डॉक्टरला दाखवलंत?"

"डॉक्टर कशाला? गवंडी पुरे."

मग मोजणीदारांनी हलकेच विचारलं, "आणि वेळेचं कसं?"

"सकाळचे दोन तास माझे. बाकी दिवसभर बाईंनी काय हवं ते करावं. मी विचारणार नाही."

"दोनच तास?"

"मला पुरतात. फक्त तिच्या लिंबाला कोणी हात लावायचा नाही, एवढीच अट."

मोजणीदारांचे डोळे भरून आले. त्यांनी घड्याळजींना मिठी मारली. घड्याळजींना वाटलं, दावा या माणसाच्याही किती जिव्हारी लागला होता.

तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला.

"बाबा, एकटं वाटत होतं तर मला सांगायचं."

"एकटं कुठे? मोजणीदार येऊन गेले."

"आईचं वर्षसुद्धा झालं नाही अजून."

"म्हणून तर घाई. आणखी थांबलो तर पार वाळून जाईल."

"कोण?"

"लिंबू."

लेक सावकाश म्हणाली, "बाबा, तुमचे वकील म्हणाले, तुम्ही हेडबाईंशी पाट लावताय. मोजणीदारांनीच सांगितलंय त्यांना."

घड्याळजींनी फोन ठेवला. चिठ्ठीतला शब्द न् शब्द त्यांनी आठवून पाहिला आणि राहिलेला शब्द त्यांना सापडला. तसेच ते पाटावर गेले आणि आपल्या काठावरून बाईंना हाक मारली. बाई आल्या त्या चिठ्ठी घेऊनच.

"बाई, माझा एक शब्द राहिला हो."

"शब्द एक, चुका तीन," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पाटावरून हात लांब करून चिठ्ठी दिली. तांबड्या शाईने 'मार्गी' वर घातला होता. खाली दहापैकी सहा.

"तुम्हाला कळलं होतं?"

"जन्म वह्या तपासण्यात गेला माझा. राहिलेला शब्द मला आधी दिसतो."

"मग भावाला सांगायचंत ना."

"दोन दिवस त्याने मला उलट उत्तर दिलं नाही. चहासुद्धा स्वतः केला. म्हटलं, चाललंय ते चालू दे. आज सांगून टाकलं, दोन तासांवर मी तयार नाही. भयंकर चिडलाय तुमच्यावर."

घड्याळजींना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "बाई, झाड जातंय. दावा मिटवून टाकू."

बाईंनी लिंबाकडे पाहिलं. "मिटवू नका," त्या म्हणाल्या. "तारखेला तुम्ही आणि भाऊ कोर्टात जायचात. तुम्ही वळणाआड झालात की मी हे दार उघडायची आणि तुमची बायको तिकडून खोऱ्याने बांध फोडायची. पाणी झाडाच्या मुळाशी मुरेपर्यंत चहा. ती त्या काठावर, मी या. हद्द कोणी ओलांडली नाही."

घड्याळजींना आठवलं. तारखेच्या सकाळी बायको गुणगुणत त्यांच्या शर्टाला इस्त्री करायची. निकालाचं तिने कधीच विचारलं नाही. ते परतले की दारातच विचारायची, 'पुढची कधी दिलीय?' आणि न्यायाधीश रजेवर म्हणून ते लवकर परतले, तर दिवसभर तिचं तोंड फुगलेलं.

"दार मी अजूनही उघडते," बाई म्हणाल्या. "पण तिकडून वळवायला कोणी नाही. पाणी सरळ ओढ्याला जातं. मला तर यायला मनाई."

"मग मिटवलं तर रोजच येईल की पाणी."

"पाणी येईल. पण तारखेची वाट बघायची सवय झालीय मला. शिवाय दावा मिटला की भाऊ दिवसभर घरात. त्याचाही विचार करा."

पुढच्या तारखेला मोजणीदार दुप्पट त्वेषाने कोर्टात गेले. घड्याळजी गेले नाहीत. पक्षकार जमिनीला पाणी देतोय हे काही सांगता येईना, म्हणून वकिलाने ताप सांगितला. त्या वेळी घड्याळजी बाह्या सरसावून बायकोच्या खोऱ्याने बांध फोडत होते. पाणी झाडाच्या आळ्यात शिरलं आणि कोरड्या मातीने ते गटगट पिऊन टाकलं. पलीकडच्या काठावर बाईंनी दोन कप भरले.

संध्याकाळी मोजणीदार धुसफुसत पाटाशी आले. "तुमच्या तापापायी फुकट हेलपाटा झाला."

घड्याळजींनी ओले पाय मागे घेतले आणि विचारलं, "पुढची कधी दिलीय?"