युसुफभाईंचे हललेले फोटो

जगातला प्रत्येक फोटोग्राफर समोरच्याला सांगतो, "हलू नका." जव्हारचे युसुफभाई सांगत, "हला!"

"हला ना, बाई! असं काय पुतळ्यासारखं बसता? जिवंत हाय ना तुम्ही? मग जरा दिसू दे ना तसं!"

आपण गोंधळून मान वळवली की नेमकं तेव्हाच ते बटण दाबत. मी जव्हारच्या शाळेत शिकवत होते, तेव्हाच्या ओळखपत्रावर मला दीड नाक आहे, ते त्यांच्यामुळे. मुलांनो, गेल्या खेपेला ते ओळखपत्र पाहून तुम्ही पोट धरून हसलात. आजीचा असा फोटो कुणी काढला, हे तेव्हा सांगायचं राहून गेलं.

बाजारपेठेत त्यांचा स्टुडिओ होता. वडिलांचं कापडाचं दुकान भावांनी सांभाळलं आणि युसुफभाईंनी कॅमेरा धरला. एके काळी त्यांचा हात चांगला होता. पण मी सांगते त्या दिवसांत गावात त्यांच्याकडे जायला कुणी धजत नसे. आमच्या हेडमास्तरांचा फोटो पाहून बँकेतल्या कारकुनाने विचारलं होतं, "सर, खातं दोघांच्या नावावर काढायचं आहे का?" एका लग्नात त्यांनी नवरदेवाला तीन हात दिले. त्यानंतर लग्नाची कामं येणं थांबलं.

त्यांच्या पत्नी जुबेदाभाभी म्हणत, "अल्लानं दोन डोळे दिले, हे एक मिटून काम करतात. मग काय होणार?" हसून म्हणत, पण दुपारी शिलाईचं मशीन चालवायला बसत. घर त्यावरच चालत होतं.

मला अव्यवस्थितपणा सहन होत नाही. मी फोटोग्राफीचं एक इंग्रजी पुस्तक वाचून, कागदावर मुद्दे काढून त्यांच्याकडे गेले. शटरचा वेग वाढवा, म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पुस्तक बरोबर हाय, बाई. आता चहा घ्या. हलवून."

त्या वर्षी शाळेची सहल मुंबईजवळच्या एका मोठ्या उद्यानात जाणार होती. पाळणे, घसरगुंड्या आणि रात्री शोभेचं दारूकाम. हे कळताच युसुफभाई सकाळीच आमच्या दारात हजर.

"मी येतो. पैसा नको. मला फक्त ते दारूकाम पाहिजे. हलणाऱ्या चिजेचा एक चांगला फोटो काढून एका बाईला द्यायचा हाय."

कोण बाई, ते मी विचारलं नाही. जुबेदाभाभींना ठाऊक असेल, असं मनात म्हटलं आणि यादीत त्यांचं नाव घातलं.

उद्यानात त्यांनी दिवसभर एकही पाळणा पाहिला नाही. दारूकाम पाहायला फळ्यांचा, बाकं मांडलेला उंच मंच होता, त्यावर दुपारपासून जागा धरून बसले. अंधार पडल्यावर कॅमेरा स्टँडवर चढवला आणि मला समजावू लागले. बटण दाबून धरायचं, तोवर कॅमेऱ्याचा डोळा उघडा. एक बाण फुटून विझला की डोक्यावरची टोपी काढून भिंगापुढे धरायची. पुढचा सुटला की टोपी बाजूला. असे पाच-सहा बाण एकाच फोटोत उमलतात. स्टँड मात्र तसूभर हलता कामा नये. हे सांगताना मला त्यांच्यात एक जुना, नीटनेटका फोटोग्राफर दिसला.

पहिला बाण फुटला आणि आमची निम्मी मुलं बाकाखाली गेली. मोखाड्याकडच्या पाड्यांवरची मुलं ती, एवढा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या बाणाला डोकी वर आली. तिसऱ्याला सगळी फळ्यांवर उड्या मारू लागली. मंच थरथरू लागला, स्टँड डुलू लागला. मी वर्गात ओरडायची तशी इंग्रजीत ओरडले, "स्टँड स्टिल!"

शेजारून युसुफभाई माझ्याहून मोठ्याने ओरडत होते, "नाचा रे! नाचा! थांबू नका!"

आठवड्याने फोटो आला. काळ्या आकाशात सोनेरी रेघा होत्या, पण एकही सरळ नाही. म्हाताऱ्या माणसाने कापऱ्या हाताने काढाव्यात तशा.

"फुकट गेला की हो," मी म्हटलं.

"गेला कसा? आला! पोरं कुठंच दिसत नाहीत, पण त्यांच्या उड्या बघा. सगळ्या आल्यात."

मग मी विचारलं, हा कुणाला द्यायचा आहे? ते टोपी काढून सांगू लागले.

वावर-वांगणीकडच्या पाड्यांवर मुलं कुपोषणाने दगावत होती, त्या साली साहेब लोकांना अहवालासाठी फोटो हवे होते. त्यांनी युसुफभाईंना जीपमधून नेलं. झोपड्यांत अंधार आणि फ्लॅश बिघडलेला. म्हणून कॅमेरा पाटावर ठेवून डोळा चार-चार सेकंद उघडा ठेवला.

"लहान पोर एक सेकंद गप राहत नाही, बाई. तुम्हाला ठाऊक हाय. मला वाटलं, सगळे फोटो हलणार. एक नाही हलला. माझ्या जिंदगीत इतके साफ फोटो आले नव्हते."

त्यातल्या एका मुलाची आई, जानी, बाजाराला आली की स्टुडिओच्या पायरीवर यायची आणि फोटो मागायची. मूल फोटोनंतर थोड्याच दिवसांत गेलं होतं. "असा फोटो आईच्या हातात कसा देऊ?" म्हणून युसुफभाई दर वेळी सांगत, अजून धुतला नाही. आणि तिला चहा पाजून परत पाठवत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी जानी आली तेव्हा मी तिथेच होते. डोक्यावर पाटी, पाय धुळीने भरलेले. युसुफभाईंनी दारूकामाचा फोटो तिच्या हातात ठेवला आणि पोरं कशी नाचली ते रंगवून सांगितलं. तिने फोटो उलटासुलटा करून पाहिला. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ती लोकांची पोरां, भाई," ती म्हणाली. "माजा पोऱ्या दे ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कपाटातून एक पाकीट काढलं आणि तिच्यापुढे धरून तोंड फिरवलं.

मी पाहिलं. काटक्यांसारखे हात, मोठे उघडे डोळे. मला बघवेना.

जानीने पदराने बोटं पुसली आणि मगच फोटो हातात घेतला. तिचा चेहरा सैल झाला. मी घाबरले, आता ही कोसळणार. ती हसली.

"हाच," ती म्हणाली. "असाच बघायचा. बेस आलाय, बाई. बेस आलाय ना?"

"हो," मी म्हटलं.

"मी तोंड इसरले होते त्याचा. रातचा आठवीत बसायची, येतच नव्हता."

तिने फोटो चोळीत ठेवला, पाटी उचलली आणि जीप गाठायला निघून गेली. दारूकाम काउंटरवर राहिलं.

युसुफभाईंनी चहा सांगितला आणि कप आले तरी प्यायला नाही.

"सात वर्षं, बाई," ते म्हणाले. "सात वर्षं मी तिला चहा पाजला."