मडमेचे सहा डबे

सोमवारी सकाळी उपेंद्र हुदलीकर एका हातात वेताची टोपली आणि दुसऱ्या हातात जड पिशवी घेऊन परसदारानं घरात शिरले, तेव्हा त्यांच्या आई यशोदाबाई तुळशीला पाणी घालत होत्या. टोपलीत हॅरिस मडमेचं मांजर होतं. पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं, आणि कपाळावर आठी घालून बसलेलं.

"हे काय आणलंस?"

"आमच्या साहेबांचं मांजर आहे, आई. साहेब आणि मडम तीन आठवडे महाबळेश्वरला गेलेत. तोवर आपण सांभाळायचं. प्रिन्सेस नाव आहे तिचं."

"आणि पिशवीत काय?"

"तिचा खुराक."

पिशवीतून सहा डबे निघाले. प्रत्येकावर माशाचं चित्र होतं, त्यामुळे यशोदाबाईंना आणखी विचारावं लागलं नाही. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मांजर राहू दे. डबे मात्र तुळशीच्या अलीकडे यायचे नाहीत."

उपेंद्र कॅम्पातल्या एका कचेरीत कारकून होते. तिथले हेडक्लार्क जूनमध्ये पेन्शनीत जाणार होते आणि त्या जागेसाठी कोणाचं नाव वर पाठवायचं ते हॅरिस साहेबांच्या हातात होतं. त्यामुळे मडमेनं मांजराची गोष्ट काढली तेव्हा तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत उपेंद्रनी टोपली उचलली होती. डब्यांविषयी ती जे बोलली ते चालू मोटारीतून बोलली. इंजिनाच्या आवाजात उपेंद्रना त्यातले 'फिश' आणि 'प्लीज' एवढे दोनच शब्द ऐकू आले. त्यांनी दोन्ही शब्दांना मान हलवली. बंगल्यावरचा बटलरही साहेबांबरोबरच गेला होता, तेव्हा विचारायला मागं कोणी उरलं नाही.

डबा उघडायचा कसा हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. उपेंद्रनी अडकित्ता लावून पाहिला. मग त्यांच्या पत्नीनं, विनोदिनीनं, समोरच्या मारुतीरावांना हाक मारली. मारुतीराव पलटणीतून पेन्शनीत आलेले, मोठ्या लढाईत मेसोपोटेमियापर्यंत जाऊन आलेले. ते कोयता घेऊनच आले.

"डब्यावर आमी दोन वर्सं काढली की, आक्का," ते यशोदाबाईंना म्हणाले. त्यांनी एक डबा उचलला, कानाशी धरून हलवला, अंगठ्यानं झाकण दाबलं आणि खाली ठेवला. "उपेंद्रराव, ह्यो जरा फुगल्यागत वाटतोय."

"म्हणजे?"

"फुगका डबा म्हंजे इष. बसऱ्याला आमच्या एका हवालदारानं असलाच डबा खाल्ला. तीन दिस डोळं उघडलं न्हाई."

"चौथ्या दिवशी उघडले ना?"

"आमी म्होरं गेलो. मग काय झालं ठावं न्हाई."

उपेंद्रनी सहाही डबे ओळीनं मांडले आणि आडवे वाकून एकेकाचं झाकण डोळ्यासमोर धरलं. पहिल्यांदा सगळेच सपाट दिसले. दुसऱ्यांदा सगळेच फुगलेले दिसले. डब्यावरचं इंग्रजी त्यांनी अक्षरन् अक्षर वाचलं. मासा कुठल्या समुद्रातला ते लिहिलं होतं, कारखान्याचा पत्ता होता, पण मांजराचा उल्लेख कुठेच नव्हता.

"आधी दुसऱ्या मांजराला घालून बघूया," ते शेवटी म्हणाले.

गल्लीत एक पिवळा बोका होता. कान फाटलेला, कोणाचाच नसलेला. मारुतीरावांनी कोयत्यानं डबा फोडला आणि अर्धा डबा त्याच्यापुढं ओतला. बोक्यानं तो संपवला, खालची फरशीही चाटली, आणि भिंतीवर जाऊन बसला. उपेंद्र त्याच्याकडे बघत बसले. बोका मिशा साफ करायला लागला तर ते म्हणत, "तोंडाला फेस आला काय?" डोळे मिटले तर उठून उभे राहत. कचेरीला त्या दिवशी ते पाऊण तास उशिरा पोचले, आणि तिथंही त्यांनी एका पत्रात तारखेच्या जागी 'बोका' लिहिलं.

संध्याकाळी परत आले तर भिंतीवर बोका नव्हता.

"दुपारपासनं दिसला नाही," विनोदिनी म्हणाली.

उपेंद्रनी टोपीसुद्धा काढली नाही. गल्ली पालथी घातली, खडेबाजारापर्यंत जाऊन आले. भेटेल त्याला विचारत होते, "पिवळा बोका दिसला का? फाटक्या कानाचा?" एका कापडदुकानदारानं, "तुमचा काय?" असं विचारल्यावर, "नाही, मी फक्त त्याला खायला घातलं होतं," असं उत्तर देऊन ते पुढे गेले. दुकानदार बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिला.

इकडे प्रिन्सेस दिवसभर उपाशी. पण आश्चर्य म्हणजे ती म्यांव करत नव्हती. सैपाकघराच्या दारात पोट वर करून पडली होती. उपेंद्रना हे लक्षण बरं दिसेना.

"उपाशी मांजर असं निवांत पडतं का कधी? हिची भूकच मेली."

"हवा मानवली असेल," यशोदाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

मंगळवारीही तेच. प्रिन्सेस खाण्याचं नाव काढेना आणि बोक्याचा पत्ता लागेना. तेव्हा उपेंद्रनी मडमेला पत्र लिहायला घेतलं. तीन कागद फाडले. "आपल्या मांजराला डब्यातील मासे घालणं सुरक्षित आहे किंवा कसं, याबाबत कृपया आज्ञा व्हावी," अशा अर्थाचं कचेरीच्या थाटाचं इंग्रजी त्यांनी जमवलं आणि स्वतः पोस्टात जाऊन टाकलं.

बुधवारी सकाळी बोका परत आला. भिंतीवर बसला आणि डब्याच्या जागेकडे बघून ओरडायला लागला. त्याच्या मागं दोन मांजरं होती. पाठोपाठ आणखी तीन आली.

"बगा, कसा ठणठणीत हाय," मारुतीराव म्हणाले. "पावण्यांस्नी सांगून आलंय बेणं."

उपेंद्रना हायसं वाटलं. लगेच दुसरा डबा फोडून त्यांनी प्रिन्सेसपुढं बशी ठेवली. तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्यांनी बशी फिरवून त्या बाजूला नेली. "खा गं," ते हात जोडून म्हणाले, "तीन दिवस झाले." शेवटी मारुतीरावांनी तिला धरलं आणि उपेंद्रनी चमच्यानं दोन घास भरवले. घास आत गेले. प्रिन्सेस सुटली, तुळशीला वळसा घालून थेट घरात पळाली, आणि यशोदाबाईंचं सोवळं वाळत होतं त्याच्या बरोबर खाली उभं राहून तिनं दोन्ही घास बाहेर काढले. शिवाय दूधभातही काढला. बराच.

उपेंद्र खाली वाकून बघत होते.

"आई, हा भात कुठला?"

यशोदाबाईंनी पदर खोचला. "सोमवारपासून घालतेय. पोरीच्या पोटात काही नको? तू आपला त्या बोक्यामागं गावभर हिंडत होतास."

त्यानंतर प्रिन्सेस फडताळावर जाऊन बसली ती खाली यायला तयार होईना. उपेंद्रनी गुरुवारी रजा टाकली. फडताळाखाली स्टूल घेऊन बसले, तिचा श्वास मोजत राहिले. बाहेर भिंतीवर आता नऊ मांजरं होती आणि नऊच्या नऊ ओरडत होती. शेजाऱ्यांचे निरोप यायला लागले. जूनमध्ये हेडक्लार्कच्या खुर्चीवर कोण कोण बसू शकेल, याचा उपेंद्र मनाशी हिशेब करत होते आणि त्यात स्वतःचं नाव त्यांना कुठेच दिसत नव्हतं. शुक्रवारी दुपारी यशोदाबाईंनी फडताळाशी वाटी धरून "पिंशे, ये गं," एवढं म्हटलं आणि प्रिन्सेस उतरून त्यांच्या मांडीवर आली. ताकभात चाटूनपुसून खाल्ला.

सोमवारी मडमेचं उत्तर आलं. उपेंद्रनी उभ्याउभ्याच फोडलं. मारुतीरावही निरोप मिळाल्यासारखे येऊन ओसरीवर बसले.

"वाचा की मोठ्यानं," विनोदिनी म्हणाली. "मराठीतनं."

उपेंद्र आधी मनातच वाचत होते. वाचता वाचता ते खाली बसले.

"लिहितात, मांजराला डब्यातले मासे कृपा करून कधीही घालू नका. त्यात मीठ फार असतं, तिला सोसत नाही, लगेच ओकते. लहानपणापासून ती फक्त दूधभात खाते."

"बघ," यशोदाबाई म्हणाल्या.

"मग ते डबे कुणासाटनं दिले हुते?" मारुतीरावांनी विचारलं.

उपेंद्रनी कागद मांडीवर ठेवला. "आपल्यासाठी. मांजर सांभाळतोय म्हणून भेट. तुमच्या आईला गुलाबी मासा खास आवडेल, म्हणतात. कसा लागला ते जरूर कळवा. येताना आणखी डझनभर आणणार आहेत."

यशोदाबाईंच्या मांडीवर पिंशी घुरघुरत होती. भिंतीवरच्या मांजरांचा गिल्ला ऐकू येत होता.

"आता काय लिहू?" उपेंद्रनी विचारलं. "आम्ही खात नाही म्हटलं तर मडमेला वाईट वाटेल. खातो म्हटलं तर..."

"जागेची शिफारस गेली का वर?" यशोदाबाईंनी विचारलं.

"अजून नाही."

यशोदाबाईंनी थोडा वेळ पिंशीच्या पाठीवरून हात फिरवला. "मारुतीराव, चांगले असतात का हो ते?"

"लई झकास, आक्का. कांदा टाकून परतलं तर भाकरी कमी पडतीया."

"मग उरलेले चार तुम्ही न्या," त्या म्हणाल्या आणि मुलाकडे वळल्या. "तू लिही. म्हणावं, आईला फार आवडले. कांदा घालून परतले होते. घरात भाकरी कमी पडली."