पक्क्या शब्दांचे तपासनीस

शिरसाठ काकांना कुणी नुसतं 'शुअर' म्हटलं, की ते त्याला फाटकाबाहेर जाऊ देत नाहीत.

आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत नळ दुरुस्तीला येणारा अन्वर हे अनुभवानं शिकलाय. "उद्या शुअर येतो, काका," असं बोलून तो निघाला, तर काकांनी त्याच्या स्कूटरची किल्लीच काढून घेतली.

"शुअर म्हणजे तुला वाटतंय. तुझं वाटणं घेऊन मी काय करू? डेफिनेटली येतो का ते बोल."

"डेफिनेटली, काका."

"किती वाजता?"

"वो कैसे बोलू, काका, अब्बी से?"

"मग ते शुअरच झालं की रे!"

काका वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासायला होते. आयुष्यभर नट-बोल्टला गेज लावून पास-नापास केलं. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले, तेव्हा त्यांनी लोकांचे शब्द तपासायला घेतले. तेही फक्त इंग्रजी, आणि त्यातही लोक छाती ठोकून बोलतात तेवढेच. बाकीच्या इंग्रजीशी त्यांना काही देणंघेणं नाही.

त्यांनी लावलेले अर्थ कुठल्या शब्दकोशात सापडायचे नाहीत. "'आय थिंक' म्हणजे माणूस अजून रस्त्यावर हाय. 'शुअर' म्हणजे दारात आला. 'सर्टन' म्हणजे घरात आला. अन् 'डेफिनेटली' म्हणजे चप्पल काढून, पाणी पिऊन बसला. आता उठत नाय." 'ऑब्व्हियसली'चा तर त्यांना रागच आहे. त्याचा अर्थ 'तुला अक्कल नाय' एवढाच होतो, असं ते म्हणतात. 'आय इन्सिस्ट' हा शब्द त्यांच्या मते जेवायच्या आग्रहापुरता बरा.

काकू मात्र या तपासणीला दाद देत नाहीत. "भात झाला का? सर्टन?" असं काकांनी विचारलं, की त्या म्हणतात, "ताटावर बसा, मग कळंल."

मलाही हे सगळं गमतीचं वाटायचं. माझ्या घरापर्यंत आलं, तेव्हा गंमत संपली.

माझ्या मुलीला, मृणालला, पाहायला पुण्याची मंडळी येणार होती. मृणाल इथल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि लग्नानंतर काम सोडायचं नाही, एवढं एकच तिचं म्हणणं होतं. तिचे वडील नाहीत. बैठकीला घरचं वडीलधारं कुणी हवं म्हणून मी काकांना बोलावलं आणि हात जोडून सांगितलं, "काका, आज शब्द तपासायचे नाहीत हं."

"डेफिनेटली नाय," काका म्हणाले.

गप्पा छान चालल्या. मुलगा सालस दिसत होता. मी मृणालच्या कामाचं विचारलं, तर तो हसून म्हणाला, "ऑफकोर्स! ऑफकोर्स करेल." माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात काकांनी कप खाली ठेवला.

"ऑफकोर्स म्हणजे काय?"

मुलाचे मामा चुळबुळले. "म्हणजे, अर्थातच."

"अर्थातच काय? पुण्यात तिला मनासारखं काम मिळायला वर्ष लागलं, तर तवर ती इथंच राहून काम करील. चालंल?"

 मुलानं आईकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आय ॲम नॉट शुअर."

"शाब्बास!" काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "हे पास!"

मंडळी अर्धा चहा तसाच टाकून उठली. मी काकांशी बोलणं सोडलं. हाताशी आलेलं स्थळ या माणसानं एका शब्दापायी घालवलं, असं गल्लीभर सांगत सुटले. मृणाल तेवढी म्हणाली, "आई, ते मलाच विचारायचं होतं. धीर होत नव्हता."

त्याच आठवड्यात मुलाचा तिला फोन आला. त्यानं घरात बसून सगळ्यांशी बोलून घेतलं होतं. पुण्यात काम मिळेपर्यंत तिनं इथंच राहावं, तो येत-जात राहील, आणि हे आईलाही मान्य आहे. मी दौलताबादची सीताफळं घेतली आणि जरा ओशाळूनच काकांकडे गेले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता मुलानं नेमका कोणता शब्द वापरला ते विचारतील. पण ते खुर्चीत मागं टेकले.

"आमच्या सविताच्या टायमाला नवरदेव असाच ऑफकोर्स म्हणला होता," ते म्हणाले. "नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं तिचं. मला तवा इंग्रजी कुठं कळत होतं? मला वाटलं, पोरानं इंग्रजीत शब्द दिला, म्हणजे लई पक्कं असंल. मीच पुढं होऊन पेढे वाटले. नंतर जावयानं तिला परीक्षेला पाठवलंच नाय. विचारायला गेलो, तर म्हणला, पुढच्या वर्षी, ऑफकोर्स."

मी सीताफळांची पिशवी त्यांच्यापुढं सरकवली.  तेवढ्यात काकांचा फोन वाजला. लातूरहून सविताच बोलत होती. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्या फोनवरचं बोलणं खोलीभर ऐकू येतं.

"कशी हाय बाई?"

"बरी हाय, बाबा."

"जेवली का?"

"व्हय."

"पोरं?"

"पोरंबी बरी हायत."

"बरं, बरं. ठेव मग."

काकू आतून म्हणाल्या, "साऱ्या दुनियेला खोदून खोदून विचारता. पोरीला तेवढं एकदा नीट विचारा की."

काकांनी फोन मांडीवर पालथा ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसले.

"अन् तिनं खरं सांगितलं तर?" ते म्हणाले.