जावयाचा मानपान

कुटुंब म्हटलं की चेष्टामस्करी आलीच, आणि जिथे चेष्टा सहन होत नाही तिथे प्रेम नसतं, हे सर्वमान्य तत्त्व आहे. (मान्य करणारे सर्वजण नेहमी चेष्टा करणाऱ्यांच्या बाजूला बसलेले असतात, हा योगायोग.) ते अग्निशमन केंद्र असंच एक कुटुंब होतं. केंद्रप्रमुखांना दादा म्हणत, पंप सांभाळणाऱ्याला मामा, गाडी चालवणाऱ्याला काका. दुसऱ्या केंद्रातून बदलून आलेल्या जवानाला पहिल्याच दिवशी 'जावई' ठरवण्यात आलं. निम्मं आयुष्य आगी विझवण्यात घालवलेल्या माणसाला नाव विचारायची गरजच पडली नाही.

जावई म्हटल्यावर मानपान ओघानेच आला. त्याच्या बुटांत पाणी भरून ठेवलं जाई. तो जेवायला बसला की टेबलावरचे सगळे एकदम उठत. त्याचा डबा शिडीच्या शेवटच्या पायरीला टांगलेला सापडे (व्यायामही होई). हजेरीला तो काही बोलला की मामा इकडेतिकडे बघून विचारत, "कुणी बोललं का?" आणि कुटुंब पोट धरून हसे. वर्षभरात छळाची एकही तक्रार आली नाही, ही केंद्राची अभिमानास्पद कामगिरी. तक्रारपेटीची किल्ली मामांकडे असे.

घरी बायको विचारी, "तुमचे बूट रोज ओले कसे हो?"

"आगीचं काम आहे. पाणी लागतंच."

त्याला राग येई, आणि रागापेक्षा लाज जास्त. चाळिशीतल्या माणसाने असली गाऱ्हाणी बायकोपुढे मांडायची कशी?

एकदा त्याने दादांच्या कानावर घातलं.

"अरे, जीव आहे त्यांचा तुझ्यावर," दादा म्हणाले. "मला तर माझ्या वेळी टाकीत बुडवलं होतं. झालं का मला काही?"

जावयाने दादांकडे नीट पाहिलं आणि उत्तर द्यायचं टाळलं.

सगळ्यांत जुनी प्रथा दोराची. धुरात शिरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधतात, दुसरं टोक बाहेरच्या सोबत्याच्या हातात. आतल्याने दोन हिसके दिले की बाहेरच्याने त्याला ओढून घ्यायचं. सरावात जावई आत गेला की मामा आपलं टोक कठड्याला बांधून चहाला जात. आतून हिसक्यांवर हिसके येत. कठडा काही ओढत नसे. यातून माणसाचा धीर वाढतो, असं कुटुंबाचं निरीक्षण होतं. (मामांचा धीर वाढवल्याची नोंद नाही.)

मग गाद्यांच्या गोदामाला आग लागली. जावई आत शिरला, मामांनी दोर घेतला आणि सवयीने दाराच्या कडीला बांधून टाकला. मनात वाईट काहीच नव्हतं. प्रेमाने वारंवार केलेली गोष्ट हातात बसते, एवढंच.

आत लोखंडी मांडणी जावयाच्या पायावर कोसळली. त्याने दोन हिसके दिले. मग आणखी दोन. मग त्याला ओळख पटली. हा दोर कुणाच्याच हातात नव्हता. कसाबसा पाय सोडवून, तोच दोर धरून तो रांगत बाहेर आला, तेव्हा हातमोजे तळव्यांना चिकटले होते. रांगताना त्याला मरणाची भीती वाटली, पण बाहेर पोचल्यावर सगळे हसतील याची त्याहून जास्त वाटली.

रीतसर चौकशी झाली. दादा पाण्याचा दाब बघत होते. काका गाडी वळवत होते. आपण दोर क्षणभरही सोडला नाही, असं मामांनी सांगितलं आणि ते खरोखर रडले. निष्कर्ष असा निघाला की सदर जवान सहकाऱ्यांत मिसळत नाही, सबब त्याची बदली करावी. जावयाने पट्ट्या बांधलेले हात टेबलावर ठेवून विचारलं, "एकानेही पाहिलं नाही?"

अधिकारी न्यायी होते. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती तुमच्यापाशी येऊन थांबली. तुम्ही सगळीकडे हजर होतात. कडीला गाठ मारताना तर मामांच्या अगदी शेजारी. तुम्ही घसा खाकरलात, घड्याळाकडे बघितलंत आणि काहीच बोलला नाहीत.

दादांनी लगेच बाकावर सरकून जागा करून दिली. बसा. तुम्हाला काय म्हणायचं ते सावकाश ठरवू, घरचेच आहात.