घोडा पांढराच हवा

शशिकलाबाईंनी जेवताना मिक्सर बिघडल्याचं म्हटलं आणि संध्याकाळी त्यांच्या मोबाईलवर मिक्सरच्या जाहिराती सुरू झाल्या.

"हा मेला चोरून ऐकतो आपलं," त्या म्हणाल्या.

त्यांचे यजमान कमलाकर तळोज्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमधून निवृत्त झालेले. पुराव्याशिवाय त्यांना बायकोचा तापसुद्धा मान्य नसे.

"तूच मिक्सरचे व्हिडिओ बघितले असशील. ऐकतो म्हणतेस ना, मग प्रयोग करू. जी वस्तू आपण जन्मात घेणार नाही, तिच्याबद्दल आठवडाभर फोनसमोर बोलायचं. टाईप काही करायचं नाही. जाहिरात आली तर तू जिंकलीस."

"कुठली वस्तू?"

"घोडा."

दुसऱ्या दिवसापासून चहा झाला की कमलाकर फोन टेबलाच्या मध्यभागी ठेवत आणि खणखणीत आवाजात सांगत, "शशी, घोडा पांढराच घेऊ." शशिकलाबाईंना आधी लाज वाटली, मग गोडी लागली. "खोगीर लाल हवं बाई मला," त्या गॅलरीत कपडे वाळत घालता घालता ओरडून सांगू लागल्या. फोनवर मात्र गुडघेदुखीच्या तेलाखेरीज काही आलं नाही. कमलाकर खूश होते.

मग सोसायटीचे सेक्रेटरी उदयसिंह आले. "काका, आपल्या नियमात कुत्र्यामांजरापर्यंतच लिहिलंय. घोडा लिफ्टमधून नेता येणार नाही."

"अहो, घोडा कुठला? प्रयोग चाललाय."

"प्रयोग गच्चीवरही नको," असं बजावून ते गेले.

त्यांच्या मागोमाग शेजारचे यूनुसभाई. "कमलाकरभाई, विकत कशाला घेताय? लग्नापुरता भाड्यानं घ्या. माथेरानला माझा दोस्त आहे. त्याचा घोडा एकदम शरीफ."

"लग्न कुणाचं?"

"चारुताचं. आमची बेगम हलीमा म्हणाली, घरात एकच मुलगी, त्यात पांढरा घोडा, म्हणजे जावयासाठीच असणार, दुसरा मतलब काय? तिनं चारुताला मुबारकबादचा मेसेजपण टाकला."

कमलाकरांनी यूनुसभाईंना खुर्चीत बसवून पहिल्यापासून समजावलं. मिक्सर कसा बिघडला, जाहिरात कशी आली, पुरावा कशाला म्हणतात. यूनुसभाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "मिक्सरपण देताय? छान, छान," म्हणाले आणि निघून गेले.

तेवढ्यात पुण्याहून चारुताचा फोन आला. कमलाकरांनी तो घाईघाईनं स्पीकरवर टाकला. "हे बघ चारू, तो सगळा…"

"बाबा, तुम्हाला कळलं कसं?" चारुताचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी कुणालाच बोलले नव्हते. स्वानंदनंही त्याच्या घरी सांगितलेलं नाही."

स्वानंद हे नाव त्या घरात पहिल्यांदाच ऐकू येत होतं. कमलाकर खुर्ची ओढून फोनसमोर बसले.

"रागावलात का? चांगला आहे हो तो. उलव्याला राहतो. दिवाळीत तुमच्याशी बोलणारच होते. फक्त घोडा नको, प्लीज. त्याला जनावरांची फार भीती वाटते."

खरं काय ते सांगून टाकायला कमलाकरांनी तोंड उघडलं. शशिकलाबाईंनी त्यांचा हात घट्ट दाबला आणि फोनजवळ वाकून अत्यंत शांतपणे म्हणाल्या, "आईबापांना सगळं आपोआप कळतं, बाळ."

कमलाकरांनी एकवार बायकोकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग ते उठले, गॅलरीचं दार लावून घेतलं, कडी घातली आणि फोनजवळ येऊन कुजबुजत विचारलं, "मुलगा करतो काय?"